पँटच्या खिशातलं तीनशे चार

बुधवारी संध्याकाळी मी एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या आणि ती पँटच्या खिशात ठेवली. माझा गुन्हा म्हणाल तर एवढाच. पण त्यापायी गुरुवारी सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळात माझं निदान दोन वर्षांचं आयुष्य कमी झालं.

मी सुरेंद्र. राहायला पुनावळ्यात, नोकरी चाकणला, गाड्यांचे सायलेन्सर बनवणाऱ्या कंपनीत. अकरा वर्षं टाइम ऑफिसात लोकांच्या हजेऱ्या मांडल्या आणि दोन महिन्यांपूर्वी मला उचलून स्टोअर्समध्ये टाकण्यात आलं. (मी बी. कॉम. आहे. लोखंडाशी माझा संबंध तोवर जिन्याच्या कठड्यापुरता होता.)

आमच्याकडे स्टेनलेस स्टीलचे दोन जातींचे पाइप येतात. एक तीनशे चार, दुसरा चारशे नऊ. जुळ्या पोरांना निदान त्यांची आई तरी ओळखते. हे पाइप कुणाच्या बापाला ओळखू येत नसणार, अशी माझी समजूत होती. पण दोघांना वेल्डिंगची वायर वेगळी लागते. चुकीची लागली तर जोड दिसायला झकास होतो, गाडी शोरूममधून बाहेर पडते आणि मग कधीतरी भर रस्त्यात तो जोड तडकतो. म्हणून पाइप आले की टोकाला रंग मारायचा, तीनशे चारला पिवळा आणि चारशे नऊला हिरवा, असा नियम आहे. रंग मारणं हे माझं काम.

बुधवारी पाइप उतरले तेव्हा कंपनीची बस सुटायला सात मिनिटं राहिली होती. गठ्ठ्यांची लेबलं काढून मी फाइलला लावली, पाइप रॅकमध्ये दोन बाजूंना लावून घेतले आणि विचार केला, उद्या गुरुवारची सुट्टी, रंग काय, शुक्रवारी मारू. विसरायला नको म्हणून कुठल्या बाजूला काय आहे ते चिठ्ठीवर लिहिलं आणि बस पकडली. खिडकीची जागासुद्धा मिळाली.

गुरुवारी अकराला चहा घेत होतो तेवढ्यात फोन आला.

"सुरेंद्रभाऊ, धम्मरत्न बोलतोय." धम्मरत्न म्हणजे आमचा सगळ्यांत जुना वेल्डर. "आज ओव्हरटाइमला बोलावलंय आम्हाला. कालच्या पाइपांना रंग दिसत नाही, तर म्हटलं..."

"हात लावू नका," मी म्हणालो. "मी सांगेपर्यंत एकही पाइप वेल्ड करायचा नाही."

"अहो, पण मी काय म्हणतो..."

"मी सांगतोय ना. थांबा." आणि फोन ठेवला. (घाबरलेला माणूस फार ठामपणे बोलतो.)

घाबरण्याचं कारण दिग्विजय साहेब. मागच्या महिन्यात दोन मापांचे नट मी एकाच डब्यात ओतले, तेव्हा त्यांनी मला लेखी ताकीद दिली होती. आवाज न चढवता म्हणाले होते, "पुढच्या चुकीला मी पत्र लिहिणार नाही. तुम्ही लिहायचं." हे कुठलं पत्र ते मला न सांगता कळलं होतं. घराचे हप्ते, पोरीची शाळा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. चिठ्ठी वाचून धम्मरत्नला सांगायचं, की मिटलं. मी दारामागच्या खुंटीकडे गेलो. खुंटी रिकामी होती.

"मृदुला, माझी राखाडी पँट कुठाय?"

"ती होय? दिली," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"धुवायला?"

"बोहारणीला. ती पँट आणि तुमचे दोन शर्ट, त्यावर चार लिटरचं पातेलं घेतलं. बघा तरी कसं आहे."

"अगं, काल तर मी घालून गेलो होतो ती."

"म्हणूनच दिली. काल तुम्हाला परत त्या पँटीत बघितलं आणि ठरवलंच."

"खिसे बघितलेस का?"

"तुमच्या खिशात काय असतं? पुदिन्याच्या गोळ्या."

"माझी नोकरी होती त्यात," मी म्हणालो आणि स्टुलावर बसलो. मृदुलाने माझ्या तोंडाकडे बघितलं, गॅस बंद केला आणि बोहारणीला फोन लावला. चिमाबाई दापोडीला घरी पोचली होती. गठ्ठा अजून सोडला नव्हता, पण पातेलं घेऊन आलात तरच कापड परत मिळेल, असं तिने बजावलं.

निघालो. मी स्कूटर चालवतोय, मागे मृदुला, तिच्या मांडीवर पातेलं. हायवेवर पुढे जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या सायलेन्सरकडे माझी नजर जात होती. कुणी एक कुटुंब राजगुरुनगरला पाहुण्यांकडे निघालंय, पोरं मागच्या सीटवर गाणी म्हणताहेत, खालून सायलेन्सर गळून पडतो आणि मागून एक स्कूटरवाला येतो, हे मला स्पष्ट दिसायला लागलं. स्कूटरवर मागे पातेलं घेतलेली बाई होती. मी घाबरून वेग इतका कमी केला की एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं.

दापोडीला रेल्वेच्या बाजूच्या गल्लीत चिमाबाईचं घर. ओट्यावर कपड्यांचा ढीग पडला होता. मी सरळ ढिगात हात घातला.

"थांबा की जरा," ती म्हणाली. "आधी भांडं बघू द्या. लोकं चांगलं नेत्यात आन् हलकं आणून देत्यात."

तिने कमरेच्या पिशवीतून दोरीला बांधलेला एक काळा चुंबक काढला आणि पातेल्याला लावला. चुंबक घसरून खाली लोंबायला लागला.

"हां. माझंच हाय."

"मी घेतानाच लावून बघितलं होतं," मृदुला म्हणाली. "घरचा फ्रिजवरचा चुंबक."

मी ढिगातून मान वर काढली. "चुंबक का चिकटला नाही? स्टील आहे ना ते?"

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

"चांगलं असलं की न्हाई चिकटत. हलकं असलं की धरतंय," चिमाबाई समजुतीने म्हणाली. मग मृदुलाकडे वळून तिने विचारलं, "हे कुठं कामाला हायेत?"

"स्टीलच्या कंपनीत. स्टोअर सांभाळतात."

चिमाबाईने चुंबक परत पिशवीत ठेवला. मला मात्र एकदम उजेड पडला. पाइपांचंही तसंच असणार. मी तिथेच धम्मरत्नला फोन लावला आणि शोध लावल्याच्या थाटात म्हणालो, "भाऊ, चुंबक लावून बघा. जो धरतो तो चारशे नऊ."

धम्मरत्न म्हणाला, "सुरेंद्रभाऊ, चुंबक बावीस वर्षं माझ्या खिशात आहे. सकाळीच बघून झालं. सरळ भागावर लावायचा फक्त. वाकवलेल्या ठिकाणी तीनशे चारपण थोडा ओढून घेतो."

"मग मला फोन कशाला केला होतात?"

"रंगाचा डबा कुठे ठेवलाय ते विचारायला. तुम्हीच म्हणालात, हात लावू नका. दीड तास लाइन बंद आहे राव. आता दिग्विजय साहेब आलेत. म्हणतात, ज्याने थांबवली त्याला बोलवा."

तेवढ्यात मृदुलाने ढिगातून माझी पँट ओढली आणि खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात ठेवली. "जा तुम्ही. मी रिक्षाने जाईन," ती म्हणाली. पँट तिने चिमाबाईला परत दिली आणि पातेलं घेतलं.

चाकणला पोचलो तेव्हा दोन वाजले होते. रॅकसमोर दिग्विजय साहेब हाताची घडी घालून उभे होते, बाजूला धम्मरत्न.

"लाइन का थांबवलीत?"

वाटेत मी उत्तर घोकून ठेवलं होतं. "सर, लेखी नोंदीशी ताळा घेतल्याशिवाय वेल्डिंग सुरू करणं मला जोखमीचं वाटलं. नोंद घेऊन आलोय." आणि चिठ्ठी दिली.

साहेबांनी ती मोठ्याने वाचली. "डावीकडे तीनशे चार. उजवीकडे चारशे नऊ."

धम्मरत्नने डावीकडच्या पाइपाला चुंबक लावला. तो टक्कन चिकटला. उजवीकडच्या पाइपावरून तो घरंगळून त्याच्या हातात आला. मग मला आठवलं. बुधवारी बस दिसावी म्हणून मी रॅकच्या मागच्या बाजूला, खिडकीपाशी उभं राहून चिठ्ठी लिहिली होती. मागून जे डावं, ते पुढून उजवं.

"म्हणजे सकाळी ही चिठ्ठी तुमच्या खिशात सापडली असती," साहेब सावकाश म्हणाले, "तर तुम्ही फोनवर हेच सांगितलं असतं?"

"हो, सर."

"का नाही सापडली?"

मी सगळं सांगितलं. पँट, पातेलं, दापोडी, सगळं. साहेबांनी चिठ्ठीची चौपदरी घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. "पत्र नका लिहू," ते म्हणाले. "काहीच लिहू नका. उद्यापासून धम्मरत्न चुंबक लावतील, तुम्ही मागून रंगाचा डबा धरायचा."

नोकरी वाचली. संध्याकाळी घरी आलो तर मृदुलाने माझं कपाट उघडून आणखी दोन पँटा पलंगावर काढून ठेवल्या होत्या. चिमाबाईकडे झाकणाचा डबा आहे म्हणे.

"आता खिसे तुम्हीच तपासा बाई," ती म्हणाली. "परत काही महत्त्वाचं राहायला नको."

मी तपासले नाहीत. कंपनीच्या दृष्टीने तेच बरं होतं.