चार वाक्यांचे माने सर

माने सरांच्या घरात साप निघाला तेव्हा त्यांनी गल्लीला हाक मारली ती अशी: "उद्देश: साप बाहेर काढणे. पद्धत: काठी. निष्कर्ष: साप पलंगाखाली, प्राध्यापक पलंगावर. शिफारस: लवकर या!" आम्ही पोचेपर्यंत साप कंटाळून निघून गेला होता.

घाटनांदुरात एवढा विद्वान झाला नाही, होणारही नाही. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर लोक शेत बघतात. सरांनी तुर्की भाषा धरली. तीही अख्खी नव्हे. तुर्की संशोधन लेखांच्या डोक्यावर जो छोटा सारांश असतो, तेवढाच. त्याला तिकडं 'ओझेत' म्हणतात. असे ओझेत सरांनी इतके वाचले, की इस्तंबूलच्या प्राध्यापकांना जेवताना उचक्या लागत असणार.

"सुरुवात 'या अभ्यासात' अशी," सर सांगायचे. "'मी' कुठंच नाही. पाहण्यात आले, तपासण्यात आले. क्रियापद आपल्यासारखं शेवटी. पण एक खोड आहे. काय केलं ते ऐटीत सांगतात, काय सापडलं ते सांगताना मुके!"

सर आमच्या दूध संस्थेचे चेअरमन. दुष्काळ असा, की कॅनमध्ये दुधापेक्षा आवाज जास्त. चाऱ्यावरून मीटिंग तापली की सरांचा नियम: ज्यानं त्यानं ओझेतसारखं चार वाक्यांत बोलायचं. बापूतात्या आपल्या म्हशीची गोष्ट तिच्या आजीपासून सुरू करायचे. सरांचं बोट वर. "तात्या, निष्कर्ष?"

"आवं सर, म्हैस अजून गोठ्यातून निघाली न्हाई, निष्कर्ष कुठून आणू?"

पण चारा छावणीची मागणी सरांनी चार वाक्यांत लिहिली आणि तहसीलदार साहेबांनी ती उभ्याउभ्या वाचून मंजूर केली. आपण असं काही करू शकतो हे बघून साहेबच दचकले.

तुर्कीच का, हे कुणी विचारत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं. सरांची एकुलती लेक शुभा अंकाराला शिकायला गेली, तिथंच लग्न केलं, तिथंच शिकवू लागली. सरांनी तिच्याशी बोलणं तोडलं आणि तिचं लिहिलेलं वाचणं सुरू केलं. अख्ख्या लेखाला पैसे भरेपर्यंत कुलूप असायचं. सारांश तेवढा उघडा.

त्या उन्हाळ्यात शुभाचा लेख आला, कोरडवाहू मुलखातल्या दूध संस्थांवर. सर पिंजऱ्यातल्या वाघासारखे ओट्यावर फिरले. "निष्कर्षच लिहिला न्हाई पोरीनं!" सारांशाखाली तिचा ईमेल होता. त्यावर सरांनी शुद्ध तुर्कीत कळवलं, 'सारांशात निष्कर्ष आढळून आला नाही.' खाली सही, 'एक वाचक, घाटनांदूर.'

"नाव कावून न्हाई टाकलं, सर?" मी विचारलं.

"ओळखू येऊ नये म्हणून."

जसे काही घाटनांदुरात तुर्की वाचणारे गल्लोगल्ली सांडले होते!

उत्तर येईना. मीटिंगमध्ये सरांचा एक डोळा मोबाईलवर असायचा. बोट वर करायचं ते विसरू लागले. तात्यांची म्हैस एकदा तर अंबाजोगाईच्या बाजारापर्यंत पोचली, कुणी अडवलं नाही.

अशाच एका मीटिंगमध्ये फोन वाजला. नंबर परदेशातला. सरांनी घाईत स्पीकरचं बटण दाबलं.

"आबा? एक वाचक म्हंजी तुमीच न?"

संस्थेच्या खोलीतल्या सगळ्या माना सरांकडं वळल्या. सरांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता उद्देश येणार.

"जेवलीस का गं?" सर म्हणाले.

मग जे सुरू झालं त्याला बूड ना शेंडा. तिकडं पाऊस हाय का, दारचा लिंब अजून हिरवा हाय, जावयाला भाकरी गोड लागती का, तुझ्या आईची शाल पेटीत हाय. हे सांगून झालं की पुन्हा पाऊस. चहा थंड झाला, वर साय धरली. मागून कुणीतरी कुजबुजलं, "चाऱ्याचं काय?"

बापूतात्यांनी बोट वर केलं. "गप बस बे. सर बोलायलेत."

शेवटी फोन ठेवून सर चष्मा पुसत बसले. तात्यांनी हळूच विचारलं, "सर, निष्कर्ष?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"जेवली म्हणं."