उजवीकडचा बेंजो

मेश्रामकाकांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "बेटा, तुमचा स्पीकर जरा पालथा करून दाखवता का?"

रविवारची सकाळ, म्हणजे माझी सकाळ. जगाचे साडेअकरा वाजून गेले होते. मी अर्धवट दार उघडून उभी. समोरच्या फ्लॅटमधले हे गृहस्थ कडक इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात कपडे मापायची टेप अशा थाटात आलेले. मयूर विहारमध्ये राहायला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. दिल्लीत माणसं काय काय विचारतात याची आईने साताऱ्याहून निघताना भरपूर कल्पना दिली होती, पण त्यात हे नव्हतं.

"कोणता स्पीकर?"

"काल तुम्ही ज्याचा खोका कचऱ्यात टाकला तो. काळा. ब्लूटूथवाला."

त्या दिवाळीत दिल्लीतल्या निम्म्या ऑफिसांनी सोनपापडी सोडून तोच स्पीकर वाटला होता. आमच्या बँकेनेही वाटला. मी आतून आणून दिला. काकांनी तो पालथा केला, भिंगातून बुडावरचा नंबर वाचला, खिशातल्या चिठ्ठीशी ताडून पाहिला आणि मागे वळून आपल्या उघड्या दारात ओरडले, "जुळलं हो!"

मग मला म्हणाले, "मी पत्रिका मानत नाही. आमच्या घरात कोणीच मानत नाही. पण यांची मानावी लागते. मॉडेल एकच पाहिजे, नाहीतर जोडी लागत नाही. माझ्याकडे एकच आहे, मुलाने दिलेला. तुमचा मिळाला तर स्टिरिओ होईल. दर रविवारी, फक्त दुपारपुरता. एका म्हाताऱ्याला मदत होईल."

अशा विनंतीला नाही कसं म्हणणार? काकूंनी याआधी मला दोनदा जेवायला बोलावलं होतं, तेव्हा मी दोन्ही वेळा "जेवण झालंय" असं ठोकून दिलं होतं. उगाच कुणाला त्रास नको, हे आमच्या घरचं बाळकडू. पण इथे जेवणाचा प्रश्न नव्हता. इथे माझ्या स्पीकरला मागणी आली होती.

काका मूळचे नागपूरचे. टेलिफोन खात्यात सगळी नोकरी दिल्लीत काढली. निवृत्त झाले तरी खातं अंगातून गेलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकण्याआधी ते उंबऱ्यावरून विचारत, "लाइन क्लिअर?" काकू रागावल्या की मला खूण करून सांगत, "आता नको, लाइन एंगेज आहे." आणि कोणी आभार मानले तर कानाला हात लावून म्हणत, "सिग्नल वीक आहे बेटा, ऐकू नाही आलं."

पहिल्या रविवारी मी स्पीकर घेऊन गेले, तेव्हा त्यांच्या हॉलमध्ये एक प्लास्टिकची खुर्ची होती. तिच्या चारही पायांखाली फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा. डावा स्पीकर बुद्धमूर्तीच्या शोकेसवर, उजव्याची जागा काकूंच्या शिलाई मशीनवर. काकांनी टेप लावून दोन्हीकडचं अंतर मोजलं, मशीन बोटभर सरकवलं आणि मला म्हणाले, "मधे बस."

"मी इथे सोफ्यावर बसते ना काका."

"सोफ्यावर बसून गाणं ऐकतात. स्टिरिओ मधेच ऐकावा लागतो. आणि मधे एकच माणूस मावतो."

मग जोडणीचा सोहळा सुरू झाला. आधी डावा चालू करायचा. त्यातली बाई इंग्रजीत काहीतरी जाहीर करी आणि काका अदबीने "हां मॅडम" म्हणत. मग माझा. मग दोघांची बटणं एकदम दाबून धरायची. दोघांचे दिवे लुकलुकत असेपर्यंत घरात कोणी बोलायचं नाही, मिक्सर लावायचा नाही. मिक्सरचा आणि ब्लूटूथचा काय संबंध, असं काकूंनी एकदा विचारलं होतं. त्यावर "संबंध नसतो, शिस्त असते," असं उत्तर मिळालं.

जोडी लागली की काका भीमगीतांच्या जुन्या कव्वाल्या लावत. ढोलकी डावीकडे. आणि उजवीकडे, म्हणजे माझ्या स्पीकरमधून, बेंजो. तो तारांवर खणखणत आला की काका डाव्या स्पीकरशेजारी उभे राहून बोट वर करत, "आला! ऐकलास? हा तुझ्यामुळे!"

मला तोवर बेंजो हे वाद्यही धड माहीत नव्हतं. पण आपल्यामुळे कुणाच्या घरात काहीतरी वाजतं, ही गोष्ट त्या परक्या शहरात मला फार बरी वाटली. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी नोकरी सोडून घरी परत जाण्याचा अर्ज मनात रोज लिहीत होते. ऑफिसात हिंदी, बाजारात हिंदी, आणि रविवारी तर कोणीच नाही. रविवार मला खायला उठत असे.

जोडी लागेपर्यंत दीड वाजलेला असायचा. मग काकू आतून ओरडत, "तुमचा स्टिरिओ गेला खड्ड्यात, पाटोडीचा रस्सा थंड होतोय." आता आलेच आहे तर, म्हणून मी जेवायची. नागपुरी रश्शाने नाकाडोळ्यांतून पाणी यायचं आणि काकू ताटात भात वाढत राहायच्या. ही मदत चांगलीच अंगी लागत होती. महिन्याभरात माझ्या कुर्त्यांनी तक्रार सुरू केली.

मला स्वतःचं नाव आहे हे मेश्रामांकडे मी विसरूनच गेले. एखाद्या रविवारी उशीर झाला की दार वाजे आणि बाहेरून आवाज येई, "उजवी! उठली का? आज बेंजो नाही का आमच्या नशिबात?"

एकदा गंमत झाली. माझा स्पीकर चुकून माझ्याच फोनला जोडलेला राहिला. तेवढ्यात आईचा फोन आला, मी सवयीने उचलला आणि आईचा आवाज शिलाई मशीनवरून अख्ख्या हॉलमध्ये घुमला, "जेवलीस का गं? खरं सांग. बिस्किटं खाऊन झोपतेस, माहितीये मला. आणि ते समोरचे लोक कोण आहेत? सारखी सारखी जाऊन बसू नकोस त्यांच्याकडे."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काका मात्र स्पीकरसमोर ताठ उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "नमस्कार ताई. समोरचे लोक बोलतोय. काहून काळजी करता? पोरगी बिल्कुल बरी जेवते. लाइन क्लिअर आहे."

मग आई एवढंच म्हणाली, "बरं." त्यानंतर तिने बिस्किटांचा विषय पुन्हा काढला नाही.

असा जवळजवळ वर्षभर आमचा स्टिरिओ चालला. आणि मग एका शनिवारी माझा स्पीकर चालूच होईना. रात्रभर चार्जिंगला लावला, दिवासुद्धा लागला नाही. सकाळी मार्केटमधल्या दुरुस्तीवाल्याकडे धावले. त्याने उघडून पाहिला आणि मान हलवली. "मॅडम, बोर्ड गया. नया ले लो." हेच मॉडेल मिळेल का विचारलं, तर म्हणाला, "ये तो अब आता ही नहीं."

परत येताना मला रडू येत होतं, आणि ते स्पीकरसाठी नव्हतं. स्पीकर नाही म्हणजे जोडी नाही. जोडी नाही म्हणजे मी कोणत्या तोंडाने जाणार? माझा रविवार संपला होता.

मी बेल वाजवली. मेलेला स्पीकर काकांच्या हातात दिला आणि दुरुस्तीवाला काय म्हणाला ते सांगितलं. "आता तुम्हाला बेंजो मिळायचा नाही काका. सॉरी. मी... येते."

काकांनी स्पीकर पालथा केला, सुलटा केला. तेव्हा काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, काढा की आता तो दिवाणातला."

"कोणता?" काका म्हणाले.

"तोच. ज्याच्यावर माझे स्वेटर ठेवलेत."

काकांनी काकूंकडे जो कटाक्ष टाकला, तो मी विसरणार नाही. मग निमूटपणे दिवाणाची फळी उचलली आणि स्वेटरांच्या खालून एक स्पीकर काढला. काळा. तेच मॉडेल.

"तुमच्याकडे दुसरा होता?" मी विचारलं. "पहिल्यापासून?"

"तो स्टँडबाय होता," काका छताकडे बघत म्हणाले. "खात्यात एक लाइन नेहमी स्टँडबाय ठेवतात."

"कसला स्टँडबाय!" काकू म्हणाल्या. "मुलाच्या ऑफिसात मिळाला तोच सुनेच्या ऑफिसात मिळाला. दोन्ही लावून रोज ऐकत बसायचे त्या खुर्चीत. तू आलीस शेजारी. मी दोनदा बोलावलं, तर तू जेवून झालंय म्हणालीस. आणि रविवारी तुझी दुधाची पिशवी दुपारपर्यंत कडीला लटकलेली. मी यांना म्हटलं, ही पोरगी काही बोलावून यायची नाही. तर हे म्हणाले, मग मदत मागू. मदतीला नाही म्हणणार नाही. आणि उचलून टाकला एक दिवाणात."

मी काहीतरीच विचारलं. "म्हणजे एकट्या स्पीकरमधून बेंजो ऐकू येतो?"

"येतो की," काका हळूच म्हणाले. "एकटा असला की बिचारा दोन्ही बाजू स्वतःच वाजवतो."

मग मात्र मला रडू आवरलं नाही. काका गडबडले. टेप घेऊन उगाच अंतर मोजू लागले. मी थँक्यू म्हणाले, तर कानाला हात लावला, "सिग्नल वीक आहे." मी मोठ्याने म्हणाले. मग आणखी मोठ्याने म्हणाले. "हौ, हौ, आलं ऐकू," ते म्हणाले, "आता मधे बस. जोडी लावतो."

वर्षभर मी ज्या खुर्चीत बसत होते ती काकांची होती, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांचा हात धरून त्यांना तिथे बसवलं आणि जाऊन डाव्या स्पीकरशेजारी उभी राहिले. काकू उजवीकडे मशीनजवळ आल्या. बाईने इंग्रजीत काहीतरी जाहीर केलं, आणि काका विसरले म्हणून मीच "हां मॅडम" म्हणाले. ढोलकी सुरू झाली. मग बेंजो आला, आणि काकांनी डोळे मिटून घेतले.

मी अजून दर रविवारी जाते. रिकाम्या हाताने जाते आणि जेवून येते. नोकरी सोडली नाही. दुधाची पिशवी मात्र आता सकाळी उठल्या उठल्या उचलते, कारण समोरच्या दारातून कोणीतरी कडीकडे बघत असतं.