डावखुरी माणसं छापणारी कंपनी

आमचे शेजारी अंबादासराव लग्नाची पत्रिका मागून वाचतात. पाकीट फोडायचं, पत्रिका उलटी करायची आणि आधी तळाशी बारीक अक्षरांतलं छापखान्याचं नाव बघायचं. मग कागद दोन बोटांत चोळायचा. मग शाई. ते नवरा-नवरीपर्यंत पोचतात तोवर पत्रिका घेऊन आलेला माणूस चहा संपवून उठलेला असतो.

"पुढून कुनीबी हसतं, भाऊसाहेब," ते मला सांगतात. "माल बघायचा तर पाठ बघा."

हा त्यांचा जन्माचा धंदा. घर मूळचं हसनाबादकडचं, वडील मेंढ्यांमागे फिरलेले. अंबादासराव दहावी होऊन नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या पॅकिंग विभागात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पाकिटावर छापलंय तेच पाकिटात भरलंय का, एवढंच त्यांनी आयुष्यभर तपासलं. जुळलं नाही की ते ओरडायचे, "लेबल एक, दाणा एक!" आणि अख्खा लॉट बाजूला काढायचे.

घरीही तपासणी सुरूच असे. त्यांच्या पत्नी कौसल्यावहिनी होत्या तेव्हा आम्ही कधी त्यांच्याकडे जेवायला बसलो, तर ताटात मीठ कुठे, चटणी कुठे, यावर अंबादासरावांची नजर. वहिनी डावखुऱ्या. घाईत त्यांनी डाव्या हातात पळी धरली की अंबादासराव एकच शब्द म्हणत, "हात!" वहिनी निमूटपणे पळी उजव्या हातात घेत आणि थोडं वरण ताटाबाहेर सांडे. वाढायचं ते उजव्या हाताने, ही रीत. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

वहिनी गेल्या आणि तपासायला घरात काही उरलं नाही. त्याच सुमारास आमच्या मुक्ताचं एक पार्सल चुकून त्यांच्याकडे पोचलं.

मुक्ता माझी मुलगी, अकरावीत. तिला मंगाचं वेड. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. या पुस्तकांचे इंग्रजी अनुवाद वेगवेगळ्या कंपन्या काढतात, आणि ती बहुतेक जपानी पद्धतीनेच, म्हणजे आपल्या मानाने मागून उघडतात आणि उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. आम्ही भोकरदनला एका लग्नाला गेलो होतो. पार्सलचा कोपरा फाटलेला होता. फाटलेलं पाकीट अंबादासरावांच्या हाती म्हणजे तपासणी आलीच. आम्ही परतलो तेव्हा ते पुस्तक हातात घेऊन फाटकात उभे होते.

"पोरी," ते म्हणाले, "बायंडिंग बराबर हाय. पन ह्याच्या पुढचा भाग कधी येनार?"

तेव्हापासून आमच्या घराचं गणित बिघडलं.

अंबादासरावांचं इंग्रजी बियाण्याच्या पाकिटावरचं. पण त्यांनी शब्दकोश मांडीवर घेतला आणि वर्षभरात मुक्ताचं सगळं कपाट वाचून काढलं. उलटं वाचायचा त्रास होत नाही का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आमचे चुलते निजामाच्या टायमाला उर्दू शिकल्ते. उजवीकून वाचलं म्हनून काय वाकडे झाले का?"

गोष्टींविषयी ते फार बोलत नाहीत. बोलतात ते कंपन्यांविषयी. कंपन्यांची खरी नावं त्यांना उच्चारायला अवघड जातात, म्हणून त्यांनी आपली ठेवली आहेत. एक 'पातळवाली'. तिच्या पानावर नायिका रडत असली की मागच्या पानावरचा घोडा तिच्या गालातून दिसतो. एक 'अर्धवटवाली'. ती कुठलीही मालिका सुरू करते आणि चौथ्या भागानंतर गप्प होते. "कपाशीला पात्या-कळ्या लागल्या की झाड उपटून नेती ही बाई." एक 'शहानी'. जपानी म्हातारी चुलीवर भाताची पेज शिजवते आणि 'शहानी' खाली इंग्रजीत छापते, ओटमील. "चित्रात तांदूळ दिसून राह्यला ढळढळीत! लेबल एक, दाणा एक!" पाचव्या भागापासून पुस्तकाच्या पाठीवरचा शिक्का दोन सूत वर सरकवून कपाटातली ओळ मोडणारी एक कंपनी आहे. तिचं नाव ते घेतच नाहीत. नुसती फूटपट्टी दाखवतात.

या सगळ्या कंपन्यांना ते तक्रारी पाठवतात. मजकूर त्यांचा, इंग्रजी मुक्ताचं. एका कंपनीचं उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. अंबादासराव म्हणाले, "म्हंजे वाचला न्हाई."

पण त्यांचा खरा राग एका जुन्या कंपनीवर. आपल्या वाचकांना सोपं जावं म्हणून ही कंपनी पुस्तक आपल्यासारखं पुढून उघडणारं करायची. त्यासाठी प्रत्येक चित्र आरशात दिसतं तसं उलटं छापायची. परिणाम असा की उजव्या हाताची सगळी माणसं डावखुरी होत. मुक्ताने त्यांना मोबाइलवर अशी चार-दोन पानं दाखवली होती. ते आठवडाभर धुमसत होते.

"सगळे तलवारवाले डावखुरे! राजा डावखुरा, न्हावी डावखुरा! माल उलटा करून इकला अन् वर म्हंत्यात सोय केली. असा लॉट आम्ही जाळून टाकायचो."

मुक्ता हसत सुटायची. मला ते हसू भिंतीपलीकडून ऐकू यायचं, आणि इथेच माझी अडचण होती.

मी सहकारी संस्थांचे हिशेब तपासतो. मोजमापाची सवय आहे, म्हणून ठामपणे सांगतो की मुक्ता घरी जेवढं आठवड्यात बोलायची, तेवढं अंबादासरावांच्या ओट्यावर एका संध्याकाळी बोलायची. मी विचारलं, "कॉलेज कसं झालं?" उत्तर, "हं." "भूक लागलीय का?" "हं." तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक, "मुक्ते, पातळवालीनं पुन्हा घोळ घातला गं!" आणि चप्पल न घालता ही पळाली. मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. याहून सभ्य शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

आमच्या सौभाग्यवतीच्या, सुनंदाच्या, हे लक्षात आलं होतं. एकदा मी भिंतीकडे कान लावून बसलो होतो. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "जळका वास येऊन राह्यला. दूध लागलं का तुम्ही तिथं बसलाव?"

मुक्ता बारावीनंतर बाहेरगावी शिकायला जाणार, हे ठरलेलं होतं. म्हणजे माझ्या हातात होतं ते वर्ष-दीड वर्ष, आणि तेही शेजारी जमा होत होतं. शेवटी मीही मंगा वाचायचं ठरवलं. तिच्या कपाटातलं एक पुस्तक काढलं, रीतसर पहिलं पान उघडलं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: थांबा! तुम्ही चुकीच्या बाजूने सुरुवात करत आहात. मी थांबलो. पुस्तक जागेवर ठेवून दिलं.

पुढे कामासाठी संभाजीनगरला गेलो असताना जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक मंगा हाती लागलं. उघडून पाहिलं तर सरळ! आपल्यासारखं पुढून सुरू होणारं, डावीकडून उजवीकडे वाचायचं. मला वाटलं, एका तरी कंपनीत शहाणी माणसं आहेत. हे मला वाचता येईल आणि मुक्ताशी त्यावर बोलता येईल. बसमध्ये पहिली पानं वाचून काढली. एक तलवारबाज गावोगाव हिंडतो आणि वाटेतल्या खानावळीत जेवतो. कोणत्या हाताने जेवतो याकडे मी लक्ष दिलं नाही. हिशेब तपासणाऱ्याने असं करायला नको होतं.

घरी आल्यावर मी पुस्तक मुक्तापुढे ठेवलं. तिने एक पान उलटलं, दुसरं उलटलं आणि पोट धरून हसायला लागली.

"बाबा! हे तर त्या उलट्या कंपनीचं! काकांना दाखवते, थांबा!"

आणि माझी भेट घेऊन ती पळाली. तीही शेजारी.

मी ओट्यावर जाऊन उभा राहिलो. आता अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी आरडाओरड होणार, याची तयारी ठेवली. अंबादासरावांनी चष्मा लावला. पुस्तक आधी पाठीकडून पाहिलं, कागद चोळला, मग चाळायला लागले. मुक्ता त्यांच्या तोंडाकडे बघत हसायच्या तयारीत. मध्येच एका पानावर त्यांचा हात थांबला.

"काका, बोला ना! लॉट फेल?"

अंबादासरावांनी त्या पानात बोट घालून पुस्तक मिटलं. म्हणाले, "दोन दिस ठिवू का गं माझ्याकडं?"

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. मुक्ता सांगायची, काका आजकाल गप्पच असतात, कंपन्यांचा विषय काढत नाहीत, पुस्तकही देत नाहीत. माझं डोकं फिरलं. मुलीच्या संध्याकाळी घेतल्या, ठीक. पण बापाने हाताने आणलेलं एकुलतं एक पुस्तकही यांनीच ठेवून घ्यायचं?

"जातो आणि मागून आणतो," मी सुनंदाला म्हणालो.

"जा. पन भांडू नका," ती म्हणाली. "लहान न्हाईत तुम्ही आता."

अंबादासराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते. मांडीवर ते पुस्तक, उघडं.

"अंबादासराव, पुस्तक न्यायला आलोय. मुलीसाठी आणलं होतं."

"बसा, भाऊसाहेब," ते म्हणाले. "एवढं बघा अन् न्या."

पानावर त्या खानावळीचं चित्र होतं. पदर खोचावा तसा कपडा कमरेला खोचलेली एक बाई तलवारबाजाला वाढत होती. किंचित वाकलेली, चेहऱ्यावर घाई, आणि पळी डाव्या हातात. बाहेर काही सांडत नव्हतं.

"आमची अशीच वाढायची," ते म्हणाले. "मान्सं नसली म्हंजे. मी कधी जल्दी घरी आल्तो तर दारातून दिसायचं. डाव्या हातानं काय झरझर काम व्हायचं तिचं! मी तसाच उभा राहून बघायचो. मंग तिला चाहूल लागली की पळी हिकडच्या हातात."

त्यांनी आपला उजवा हात वर करून दाखवला.

"चांगली दिसती, असं एक डाव म्हनायचं व्हतं. म्हनलो न्हाई. जन्मभर नुसतं हात, हात. तिचा तसा एक फोटोबी न्हाई, भाऊसाहेब. फोटो काढायचा म्हनलं की मीच आधी म्हनायचो, हात."

मी चित्राकडे बघत राहिलो.

"कंपनी चोर हाय," ते म्हणाले. "बिलकुल चोर. तिकडच्या चित्रकारानं ही बाई उजव्याच हाताची काढल्याली. ह्यांनी उलटी केली. पन..."

त्यांनी पुस्तक मिटलं, खांद्यावरच्या टॉवेलने पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.

"राहू द्या," मी म्हणालो. "मुक्ताला आधीचा भाग मिळायचाय. मधूनच वाचून काय कळणार?"

तो पहिलाच भाग होता. पाठीवर ठळक आकडा छापलेला होता, आणि पाठ बघायला अंबादासरावांना शिकवावं लागत नाही. त्यांनी पाठ पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तक पुन्हा मांडीवर घेतलं.

माझा हेवा संपला असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे 'अर्धवटवाली'चा उद्धार पुन्हा सुरू झाला, मुक्ताचं हसूही, आणि मला व्हायचं तेच झालं. पण पुस्तक मी मागितलं नाही.

अंबादासरावांकडून त्या संध्याकाळी मी रिकाम्या हाताने घरी आलो तेव्हा ताटं मांडलेली होती. सुनंदा भाकरी करत होती आणि मुक्ता वाढत होती. तिच्या उजव्या हातात मंगा, अंगठा पानांत अडकवलेला, नजर पुस्तकात. डाव्या हातात वरणाची पळी.

"मिळालं पुस्तक?" तिने विचारलं.

"नाही. काकांचं वाचून व्हायचंय."

"हं," ती म्हणाली, आणि पळी माझ्या ताटाकडे आली. माझं तोंड सवयीने उघडलं होतं. शब्दही जिभेवर होता, एवढासाच. मी तो गिळला आणि ताट थोडं पुढे सरकवलं.