बोदलकसा स्वारी व अस्सल कॅसेटीची फत्ते

विज्ञापना ऐसी जे, शके एकोणीसशे पस्तीस, विजयनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, धान कापून बांध्या मोकळ्या जाहल्यावर, गोंदिया प्रांती कुडवा मुक्कामी राहणार राजदीपराव वल्द शालिकराम, पेशा पतसंस्थेत कॅशियरी, यांणी बोदलकसा मुलुखावर स्वारी करून जपान देशीची अस्सल गेमची कॅसेट हस्तगत केली, ते वर्तमान साद्यंत लिहून ठेवावे ऐसी कोणाचीही आज्ञा नाही. तरी लिहिले आहे. मोठ्या लढाया लिहिणारांस बिदागी मिळते, लहान लढाई फुकटच लिहावी लागते.

तर मूळ कारण ऐसे. सन एकोणीसशे नव्याण्णवचे सुमारास तळहाती मावणारी, पेन्सिल सेलांवर चालणारी गेमची यंत्रे गोंदियाचे बाजारी अवतरली, आणि त्यांचे पाठीत जो चौकोनी ठोकळा बसवावा त्यास इंग्रेज कार्ट्रिज म्हणत, परंतु गोंदियाची रयत कॅसेट म्हणे, आणि जिजवर नऊशे नव्याण्णव गेम ऐसे छापले असेल तीच खरी मानी. आत गेम चारच, तेच फिरून फिरून येत, पण मोजतो कोण? राजदीपराव ऐशाच कॅसेटींवर लहानाचे थोर जाहले. मग नोकरी लागली, लग्न जाहले, आणि ज्या वयात चार शहाणे प्लॉट घेतात त्या वयात यांणी ती जुनी यंत्रे जमविण्याचा नाद धरिला. प्रथम टीव्हीखालचा खण पडला, मग दिवाण पडला, मग लोखंडी कपाटातील साड्यांचा कप्पा खालसा जाहला, आणि खाशांचा कबिला समीक्षाबाई यांणी तक्रार गुदरली जे, "आता ह्या डब्ब्यांतच जाऊन राहाचं का आपन?" ती तक्रार दफ्तरी दाखल होऊन तिजवर धूळ बसली.

त्या समयी पुणे मुक्कामी ऐशा यंत्रांच्या शौकिनांची एक मजलिस फेसबुकावर भरत असे. राजदीपरावांनी आपले कपाटातील सर्वांत लाडकी कॅसेट फोटो काढून तेथे पेश केली, आणि वाहवा कधी येते म्हणून मोबाईल उशाशी घेऊन निजले. सकाळी पाहतात तो मजलिसीचे मुख्य, जाडा चष्मा आणि बारीक मन असे एक थोर गृहस्थ, यांणी निवाडा दिला होता की कॅसेटीवर डकविलेल्या चिठ्ठीवरील इंग्रेजी अक्षर चुकले आहे, पेच फुलीचा आहे, सबब माल चिनी आणि नकली. त्याखाली पिवळी तोंडे डोळ्यांत पाणी आणून हसत होती. एकाने पुसिले की गोंदिया म्हणजे छत्तीसगडातच ना? हा घाव कॅसेटीच्या घावाहून खोल गेला. मग फर्मान सुटले की महिनाअखेर एक तरी अस्सल कॅसेट, पोट उघडून, आतील विजेच्या तारा-ठिपक्यांच्या हिरव्या पाटीच्या फोटोसह हुजुरात दाखल करावी, नपेक्षा नाव मजलिसीतून कमी होईल.

आता राजदीपराव म्हणजे खोटी नोट नुसत्या बोटाने ओळखणारे. गड्डी हाती आली की डोळे मिटून मोजावी आणि मधूनच एक बाजूस काढावी, ऐसी त्यांची कीर्ती. ऐशा पुरुषास चारचौघांत नकली मालाचा धनी म्हणावे? त्यांणी नकलीशी हाडवैर मांडिले. पायी जोडा चार पट्ट्यांचा होता, पेनड्राइव्ह चोरीच्या सिनेमांनी तुडुंब भरला होता, ते वेगळे. वैर कॅसेटीपुरते होते.

मग पहिली चढाई गोंदियाचे बाजारावर जाहली. तेथे कैलाशशेठ म्हणून मोबाईल कव्हर, सेल, रिमोट आणि जगातील यावत् वस्तू विकणारे एक मातबर व्यापारी. त्यांस अस्सल कॅसेट विचारली, तो त्यांणी मोठ्या अदबीने एक काढून पुढे ठेविली आणि शपथेवर सांगितले की, "भैया, ये ओरिजिनल डुप्लिकेट है. लोकल डुप्लिकेट तो हम रखते ही नहीं." राजदीपराव संतापले, अद्वातद्वा बोलले, आणि रिकाम्या हाती फिरणे शूरास शोभत नाही म्हणून तीच कॅसेट विकत घेऊन खिशात घातली. निघताना शेठजींनी सहज बातमी दिली की बोदलकशाची एक म्हातारी सेल नेण्यास येते, तिजकडे जपानी अक्षरांचे यंत्र आहे, आणि "बेचारी के पास एक ही गेम है. बरसों से वही घिसती रहती है." एकच गेम! हे ऐकताच राजदीपरावांचे कान टवकारले. नकलीत नऊशे नव्याण्णव असतात. एक असते ती अस्सलात.

रविवारचा दिवस नेमून स्वारी दुचाकीवर निघाली. तिरोडा मागे टाकिला, धानाच्या तणसाचे ढीग मागे टाकिले, एका बैलाने वाट अडविली त्यास हॉर्नाचा मारा करून हटविले, खरे म्हणजे बैल आपण होऊनच हटला, आणि मग तलावाचे पाणी लकाकताना दिसले. गावात पुसता घर सापडले. छपरीत पार्वताबाई, वय सत्तरीपार, नाकावर दोरीने बांधलेला चष्मा, हाती ते यंत्र, आणि अंगठे ऐसे चाललेले की पाहणाराने पाहतच राहावे. राजदीपरावांनी आदबीने जयभीम घातला.

"जयभीम बाबू. थांब जरासा, वीट पडून राहिली."

मग गोंदिया प्रांतीचे सेनापती अंगणात कोंबड्यांमध्ये तिष्ठत उभे राहिले. वरून विटा पडत, बाई त्या फिरवून ओळीत बसवीत, ओळ पुरी जाहली की ती नाहीशी होई, ऐसा तो खेळ. अखेर विटा छतास भिडल्या तेव्हा बाईंनी चष्मा वर केला आणि कोनाचा तू, कामाले कुठं, मामाकडचे कोन, ऐसी रीतसर उलटतपासणी केली. धागा जुळला. राजदीपरावांचे मामा बाईंच्या जावेच्या माहेरचे निघाले, आणि लागलीच चहा आला.

चहासोबत कॅसेटीचा पूर्वेतिहासही कळला. गावचे विहाराचे उद्घाटनास जपानी उपासिका आल्या होत्या, पार्वताबाईंनी त्यांस भात वाढला होता, आणि निघतेसमयी एकीने हे यंत्र त्यांचे हाती ठेविले. बोली कोणास कोणाची कळली नाही. "हासली अन् गेली," बाई म्हणाल्या, "मायबाई कोन होती कोन जाने." राजदीपरावांनी कॅसेट पाहण्यास मागितली. पेच फुलीचा नव्हता, फुलासारखा होता. चिठ्ठीचे अक्षर शुद्ध. चिठ्ठीवर उन्हात तिरपी धरल्यावरच दिसावा ऐसा दाबलेला आकडा. सगळ्या गोंदियात नाही ती चीज एका म्हातारीच्या पदराखाली ऊब घेत होती.

विकत मागितली. बाई म्हणाल्या, "भेटीची वस्तू कोनी इकते का बाबू?" मग शूराने खिशातील शस्त्र उपसले. कैलाशशेठची कॅसेट पुढे करून अदलाबदलीचा तह सुचविला. बाईंनी ती यंत्रात घालून पाहिली, विटांचा खेळ तीत आहे याची खातरी केली, नऊशे नव्याण्णवचा आकडा वाचला, आणि त्यांचा चेहरा काळजीचा जाहला.

"इतले गेम देऊन एक घेऊन राहिला? काऊन बुडून राहिला तू? घरी बायको बोलन ना."

राजदीपराव म्हणाले, बायको बोलणार नाही. मग बाई म्हणाल्या, "हे ओरिजनल हाये ना? नाई, लवकर बंद पडनारी मले नाई पायजे. वावरातून आली का कंबर मोडते, झोप येत नाई. मंग मी हेच खेळत राहतो. दुसरं काई नाई मले."

आता येथे पाहावे. नकलीचा काळ, खोट्या नोटेचा वैरी, ज्याची इभ्रत पुण्यापर्यंत टांगणीला लागलेली, तो पुरुष त्या छपरीत बसलेला. समोर विश्वासाने पाहणारी मामाच्या नात्यातील बाई. आणि मध्ये एक शब्द. तो शब्द बोलण्यास किती वेळ लागला? काही नाही. "ओरिजिनल हाये आजी. एकदम ओरिजिनल." दरबारी लोक यास राजनीती म्हणतात. घरी आपण याला काय म्हणतो ते सर्वांस ठाऊक आहे. बाईंनी तह मान्य केला, तलावाची मच्छी केली आहे तर जेवून जा म्हणून आग्रह केला, परंतु स्वारीस घाई होती.

कुडव्यास येऊन खोलीचे दार लावून घेतले. फुलासारखा पेच उघडण्याचे हत्यार साऱ्या जिल्ह्यात नाही, सबब पेनाची नळी मेणबत्तीवर वितळवून पेचावर दाबली, ती फिरली नाही, मग पेचकस घातला, जोर केला, आणि पेचकस घसरून हिरव्या पाटीवर खर्रकन ओरखडा उठला. कॅसेट उघडली. फोटो गेले. मजलिसीचे मुख्य यांणी चष्मा पुसून निवाडा दिला की पाटी अस्सल, शिक्का अस्सल, आणि राजदीपरावांस विदर्भ प्रांताचे जाणकार ही पदवी बहाल केली. ज्याने गोंदिया छत्तीसगडात नेले होते त्यानेही अंगठा वर केला. त्या आनंदात खाशांनी कॅसेट यंत्रात घालून पाहिली, तो पडद्यावर एक काळी पट्टी उतरली आणि मध्येच थांबली. पुनः घातली, फुंकर मारली, पुसली. पट्टी हलेना. मजलिसीस पुसता उत्तर आले की अस्सल वस्तू खेळण्यासाठी नसते, काचेत ठेवावी. ठेविली.

पंधरवडा लोटला. पतसंस्थेत बाजाराचे दिवशी कॅशियरचे खिडकीवर रांग लागलेली, आणि रांगेत पार्वताबाई, काखेत थैली. चोरीचा माल धन्यासमोर उघडा पडावा तैसे राजदीपरावांस वाटले, आणि भर रांगेत आपली शोभा होणार ऐसे जाणून त्यांणी नोटा मोजणे थांबविले. बाई जवळ आल्या, हळू आवाजात बोलल्या.

"बाबू, तुही कॅसेट आठ दिवसांत बंद पडली."

राजदीपराव काही बोलण्याचे आत त्यांणीच हात वर केला. "ऐक ना. मी इचार केला. ओरिजनल आठच दिवस चालते, अन् माही इतले वर्सं चालली. मंग माही ओरिजनल कशी राहीन? डुप्लिकेटच राहीन. अन् मी तुले देल्ली. मले मालूम नोहतं बाबू, शपथ. खरं सांग, चालते का माही?"

राजदीपरावांनी या सर्व प्रकरणात एकच खरी गोष्ट सांगितली, ती येथे. "नाही आजी. बंद पडली."

"पाह्य!" बाईंनी कपाळास हात लावला. त्यांचे डोळे भरून आले. "इतल्या विश्वासानं आला पोरगा अन् फसवलं मी." मग त्यांणी थैली खिडकीतून आत सरकविली. घरचा चिन्नोर तांदूळ होता, वासाचा, नवा. तुझी नुकसानी भरून निघणार नाही, तरी येवढे ठेव, आणि माझा राग धरू नको, ऐसे म्हणाल्या. रांग पाहत होती, मॅनेजर पाहत होते. आजी, खोटी माझी होती, इतकेच बोलायचे होते. मागच्याने "ओ साहेब, जल्दी करो ना" म्हणून पुकारा केला, आणि खाशांनी थैली ओढून पायांशी ठेविली.

सांजेस चिन्नोराचा भात जाहला, आळीभर वास सुटला, समीक्षाबाई पुनःपुनः वाढून घेत्या जाहल्या आणि कोनं देल्ला म्हणून पुसत्या जाहल्या. राजदीपराव म्हणाले, एका गिऱ्हाइकाने, आणि पोट बरे नाही म्हणून ताटावरून उठले.

तरी फत्तेची नोंद रीतीप्रमाणे करणे प्राप्त आहे, ती ऐसी: बोदलकसा सर जाहला. अस्सल कॅसेट काचेत दाखल जाहली, पदवी मिळाली, आणि प्रतिपक्ष स्वमुखे माफी मागून, खंडणी भरून, बसभाडे पदरचे खर्चून आपले गावी परत गेला. त्याच्या यंत्रात आता काही चालत नाही. इतकी पुरती फत्ते कोण्या सरदारास लाभल्याचे ऐकिवात नाही, आणि याहून अधिक लिहिण्याची लेखणीस लाज वाटते, सबब ती येथे खाली ठेविली.