पहिला रकाना

परदेशात उपचारांना जायचं म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. माझ्या नाही आला! सत्तावीस वर्षं मी कचेरीच्या आवक-जावक विभागात काढली आहेत. माझ्या हातून गेलेला एकही कागद आजवर वाट चुकलेला नाही. त्यामुळे दादाच्या हृदयाची झडप बदलायला परदेशी जावं लागणार असं ठरलं, तेव्हा मी वहिनींना छातीठोकपणे सांगितलं, "तुम्ही फक्त बॅगा भरा. कागद माझ्याकडे!"

"नीट वाचून भरा हो, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"मथळे वाचणं हे नवशिक्यांचं काम, वहिनी. माझा हात आपोआप चालतो!"

हे वाक्य मी तेव्हा अगदी मान ताठ करून बोललो होतो. आज आठवलं की मानेचं काय करावं ते कळत नाही.

खरी अडचण कागदांची नव्हती, दादाची होती. दादा घड्याळजी. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि तो अठराचा. दुसऱ्या दिवशी तो वडिलांच्या स्टुलावर जाऊन बसला, डोळ्याला भिंग लावलं आणि मला शाळेत पाठवलं. बस्स, त्यानंतर त्याने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. आता त्याला दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागत होतं. इथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "छाती उघडली तर यांची फुप्फुसं सोसणार नाहीत. मांडीतून नळी घालून झडप बसवणारे सर्जन तिकडे आहेत. तीन महिन्यांच्या आत न्या. त्यानंतर मला काही विचारू नका."

आणि दादा म्हणत होता, "एवढं जुनं घड्याळ कुणी उघडतं का? चालतंय तितकं चालू दे."

मी हार मानली नाही. फाईल केली! तपासण्यांचे कागद निळ्या पट्टीखाली, तिकिटं पिवळ्या पट्टीखाली, रुग्णालयाचा अर्ज लाल पट्टीखाली. रोज संध्याकाळी ती फाईल घेऊन मी दादासमोर बसायचो आणि भाषण द्यायचो. तीन आठवडे त्याचं एकच उत्तर, "नाही म्हणजे नाही."

मग रुग्णालयाचं निमंत्रणपत्र आलं. घड्याळांची माहितीपत्रकं वाचून वाचून दादालाही ती भाषा माझ्यासारखीच जुजबी येते. त्याने पत्र घेतलं, सवयीने डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ वाचत राहिला. मग भिंग काढून माझ्याकडे बघत बसला.

"कधी निघायचं?" त्याने विचारलं.

मी वहिनींकडे विजयी मुद्रेने पाहिलं. बघा! याला म्हणतात फाईल!

वहिनींचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही दोघेच निघालो. आणि दादा एकदम बदलला हो! बॅगेला मला हात लावू देईना. मी बॅग ओढतोय, तो ओढतोय, मागे रांग खोळंबलेली.

"दादा, सोड! तुला झेपणार नाही!"

"तू आधी शांत बस. दम लागतोय का?"

"मला कशाला दम लागेल?"

विमानात त्याने माझ्या अंगावर स्वतःचं पांघरूण घातलं. आजारपणात माणूस हळवा होतो, असं मी मनात म्हटलं आणि गाढ झोपलो.

तिकडच्या विमानतळावर माझ्या नावाची पाटी घेऊन रुग्णालयाचा माणूस उभा होता. माझं नाव! फाईल मी केली म्हणून मानाने नाव लिहिलं असणार. त्याने चाकाची खुर्ची पुढे केली आणि मलाच बसवलं. मी उठायला लागलो.

"बस," दादा म्हणाला. "लाजू नकोस."

नातेवाइकांचीही काय बडदास्त ठेवतात ही माणसं! मी बसलो. तो माणूस सामान घेऊन पुढे गेला आणि माझी खुर्ची कोण ढकलतंय म्हणून मी वळून पाहिलं, तर दादा! ओठ निळसर पडलेले, कपाळावर घाम. मी टुणकन उडी मारून उतरलो, तर त्याने मला दंडाला धरून परत बसवलं. अठराव्या वर्षी धरायचा तसं. मी घाबरून तिथल्या दुसऱ्या माणसाला हाक मारली आणि खुर्ची त्याच्या हाती दिली.

रुग्णालयात परदेशी रुग्णांसाठी वेगळा कक्ष होता. आमची भाषा बोलणारी एक दुभाषी बाई तिथे बसली होती. मी फाईल उघडेपर्यंत नर्सने माझ्या मनगटावर नावाचा पट्टा अडकवला आणि हातात मागून उघडा असलेला झगा दिला.

"अहो, मी नाही! हे! हे आजारी आहेत!"

दुभाषी बाई समजुतीने हसली. "ऐनवेळी पुष्कळ जण असंच म्हणतात. तुमचे मोठे भाऊ आहेत ना सोबत? मग कशाला भिता?"

"दादा, सांग ना यांना!"

दादा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. "आता लपवू नकोस," तो म्हणाला. "मला सगळं माहीत आहे. पत्र आलं तेव्हाच वाचलं मी."

"काय वाचलंस?"

"तुझं नाव."

मी फाईलमधून अर्ज ओढून काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा मथळे वाचले. जावक वहीत पहिल्या रकान्यात पाठवणाऱ्याचं नाव, दुसऱ्यात सोबत काय जातंय ते. सत्तावीस वर्षं! पाठवणारा मी, सोबत जाणारा दादा. हाताने आपोआप तसंच भरलं होतं. पहिल्या रकान्यावर छापलं होतं 'रुग्ण'. दुसऱ्यावर 'सोबतचा नातेवाईक'.

"म्हणजे तू... माझ्यासाठी आलास?"

"मग? तुला एकट्याला सोडणार होतो? मला वाटलं, माझ्या दुखण्याचं निमित्त करून तू आणि तुझी वहिनी मिळून तुझं दुखणं माझ्यापासून लपवताय."

तेवढ्यात सर्जन आले. त्यांच्याकडे तपासण्यांचे कागद दादाच्याच नावाचे होते. त्यांनी दोघांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि अर्ध्या मिनिटात दादाकडे बोट दाखवलं. दुभाषी बाई म्हणाली, "शस्त्रक्रिया परवाच व्हायला हवी. नंतर डॉक्टर दोन महिने इथे नाहीत. उद्या संध्याकाळपर्यंत सरकारी कार्यालयातून सगळे परवाने यांच्या भावाच्या, म्हणजे खऱ्या रुग्णाच्या नावावर बदलून आणायला लागतील."

"आणतो!" मी म्हणालो.

पण दादा उठून उभा राहिला होता. त्याच्या चेहऱ्यावर अशी काही सुटका दिसत होती की बघवेना.

"तुला काही झालेलं नाही ना?"

"नाही, दादा."

"नक्की?"

"नक्की."

"मग झालं तर! चल, घरी जाऊ." आणि त्याने बॅग उचलली.

माझ्याकडे फाईल होती, पट्ट्या होत्या, तीन आठवडे पाठ केलेलं भाषण होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही. मी त्या झग्याचा बोळा तोंडावर धरून लहान मुलासारखा रडलो.

"माझ्यासाठी आलास ना?" मी म्हणालो. "मग माझ्यासाठीच थांब. तू गेलास तर मला कोण आहे रे?"

दादा बॅगेसकट माझ्यापाशी परत आला. मग त्याने बॅग खाली ठेवली आणि खिशातून भिंग काढून माझ्या हातात दिलं.

"घे. या वेळी वाचून भर."

मी प्रत्येक मथळा भिंगातून वाचला. दुसऱ्या दिवशी कार्यालय बंद व्हायच्या वीस मिनिटं आधी शेवटचा शिक्का मिळाला. शस्त्रक्रिया नीट झाली. दादा आता दुकानाच्या पायऱ्या न थांबता चढतो आणि गिऱ्हाइकांना ही सगळी कथा सांगतो. तिखटमीठ लावून! म्हणून म्हटलं, खरी हकिगत मीच सांगून टाकावी.

आता खरीच सांगायची, तर एक कबुली राहिली. सोबतच्या नातेवाइकाने भरायचा एक कागद होता, तो दादाने घरीच गुपचूप भरून लाल पट्टीखाली ठेवला होता. शेवटचा रकाना, 'रुग्णाविषयी आणखी काही'. त्यात दादाने बारीक, नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, 'सुईला घाबरतो. रक्त काढताना हात धरावा.' मी सगळ्या कागदांवरची नावं बदलली, पण तेवढी ओळ तशीच राहिली. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी दादाचं रक्त घ्यायला नर्स आली. तिने कागद वाचला आणि मला रुग्णाचा हात धरायला सांगितलं. मी धरला. सुई पाहिली.

शुद्धीवर आलो तेव्हा मी त्याच चाकाच्या खुर्चीत होतो, आणि दादाने पलंगावरून वाकून माझा हात धरला होता.