पूर्ण नाव सांग

आमच्या सोसायटीत वाढदिवसाचा केक खाऊन झाला की मुलं लगेच खेळायला पळत नाहीत. आधी परबकाकांपुढे रांग लावतात. काका प्रत्येकाचे ओठ बघतात, जीभ बाहेर काढायला लावतात, मानेवरून नजर फिरवतात आणि म्हणतात, "आता पूर्ण नाव सांग. मोठ्याने." मूल नाव, विंग, फ्लॅट नंबर ओरडून सांगतं, काका "जा" म्हणतात आणि मूल सुटतं. मग काका अर्धा तास दाराशी चपलांजवळ खुर्ची टाकून बसून राहतात.

मुलुंडच्या या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा मला वाटलं, म्हातारा जरा सरकलेला आहे. नवऱ्याला तसं लिफ्टमध्ये मोठ्याने सांगितलंसुद्धा. मनात ठेवणं मला जमत नाही.

लिफ्टचा विषय निघालाच आहे तर, काकांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. मूळचे कुडाळकडचे, वय पंचाहत्तरीला टेकलेलं, तळमजल्यावर एकटे राहतात. अजूनही लिफ्टमध्ये शिरले की डोळे मिटून ऐकतात. "लिफ्ट आधी आवाज बदलते, मग अडकते," हे त्यांचं पालुपद. लिफ्टपुरतं ते मलाही पटायचं.

पण हा माणूस लोकांच्या स्वयंपाकघरात नाक खुपसायचा. शेजारच्या महाडिकवहिनींच्या हळदीकुंकवाला दारातूनच विचारलं, "मुलांच्या खाण्यात दाणे कशाकशात आहेत?"

"एकाही पदार्थात दाणे नाहीत, काका."

"आणि ही काकडीची कोशिंबीर?"

"त्यात कूट आहे हो. दाणे कुठे आहेत?"

काका कपाळाला हात लावून जिन्यातच बसले. आम्ही बायका त्यांना हसलो. आज आठवलं की कळतं, हसायला हवं होतं ते आम्हालाच.

त्यातून त्यांचा तो वजनकाटा. महिन्याच्या पहिल्या रविवारी लॉबीत काटा ठेवून पोरांची वजनं करायचे आणि ती तोंडपाठ ठेवायचे. "कशाला लागतं हे?" विचारलं तर "लागतं," एवढंच. पोरांची वजनं अशी चारचौघांत बोलतात म्हणून महाडिकवहिनी त्या रविवारी नातीची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायच्या. आणखी एक गंमत म्हणजे माणूस मालवणी, पण घरात काजूचा एक तुकडा नाही. मे महिन्यात पुतण्या गावाहून पिशवी भरून काजू आणायचा, ती काका गेटवरूनच परत पाठवायचे.

माझी सई पाच वर्षांची. दिवाळीत काजूकतली खाऊन म्हणाली होती, "आई, जीभ बोचतेय." मी म्हटलं, "नखरे बंद." हे वाक्य मी अजून गिळू शकलेले नाही.

गेल्या श्रावणात सोसायटीची सत्यनारायणाची पूजा होती. संध्याकाळी शिऱ्याचा प्रसाद वाटला. सईने खाल्ला, वरचे काजू वेचून वेचून खाल्ले. पाच-सात मिनिटांत तिच्या मानेवर लाल गांधी उठल्या. ओठ जरा सुजल्यासारखा दिसला.

"पित्त उठलंय गं," महाडिकवहिनी म्हणाल्या. "आमसूल भिजव आणि कोळ लाव. प्रसादाने कधी काही होतं का?"

मलाही तेच वाटलं. माझ्या आईने माझ्या अंगाला तेच लावलं होतं. मी आमसुलं आणायला वर निघाले, तेवढ्यात सई खोकली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. काका खुर्चीवरून उठले.

"पूर्ण नाव सांग."

"सई अमोल साळवी," ती म्हणाली. आवाज घोगरा होता, जणू तोंडात घास आहे. पुढच्याच क्षणी ती माझ्या साडीवर ओकली.

काका घाबरले की मालवणीत शिरतात, हे मला त्या दिवशी कळलं. "आवाज बदललो! चल गो, हॉस्पिटलात चल!"

"काका, एवढं काय? आमसूल लावते, मग बघू..."

"आमसुलान काय्येक होवचा नाय! आंगावर गांधी, वर खोकलो, वर ओकारी. ह्यां पित्त न्हय! तिका चालव नको, उचल!"

इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. मी सईला उचललं. अमोल अजून ऑफिसमध्येच होता. काका रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि पहिली आलेली रिक्षा त्यांच्या गुडघ्याशी थांबली. रिक्षावाल्याने शिवी दिली, मग सईचं तोंड बघून गप्प झाला.

रिक्षात काका सारखं विचारत होते, "बाळा, नाव सांग."

"सई अमोल साळवी."

सिग्नलला पुन्हा विचारलं. "सई अमोल..."

हॉस्पिटलच्या वळणावर विचारलं तेव्हा ती फक्त "सई" म्हणाली, तेही नीट ऐकू आलं नाही. श्वास घेताना तिच्या छातीतून शिट्टी वाजत होती.

आत शिरल्या शिरल्या काकांनी डॉक्टरीणबाईंना एका दमात सांगितलं, "पाच वर्षं, सतरा किलो. काजू खाल्ले सहा वाजून दहा मिनिटांनी. गांधी, खोकला, उलटी, आवाज बसलाय." बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. वजनाच्या हिशेबाने इंजेक्शन भरलं आणि सईच्या मांडीत दिलं. तेव्हा मला लॉबीतला वजनकाटा आठवला आणि मी भिंतीला टेकून रडले.

थोड्या वेळाने सईचा श्वास मोकळा झाला. तिला एक दिवस देखरेखीखाली ठेवणार होते. बाहेर बाकावर काका हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

"तुम्हाला कसं कळलं, काका?" मी विचारलं.

ते म्हणाले, "दहिसरला माझा मुलगा असतो. त्याची मुलगी, अन्वी. तीन वर्षांची होती. ओल्या काजूगरांची उसळ मी स्वतः केली आणि माझ्या हाताने तिला भरवली. अंगावर गांधी उठल्या. मी म्हटलं, पित्त आहे. आमसुलाचा कोळ चोळत बसलो. तिचा आवाज बदलत होता आणि मी चोळतच होतो. उभा जन्म लिफ्टचे आवाज ओळखले गो मी. नातीचा ओळखला नाही."

"ती..."

"वाचली. चार दिवस आयसीयूत होती. आता नऊ वर्षांची आहे. दिवाळीला येतात तासभर. सून वाईट नाही, कधी एक शब्द बोलली नाही. पण पोरीचा डबा घरून आणते. पाण्याची बाटलीसुद्धा. बरोबरच आहे तिचं."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

तपासण्या झाल्या, सईचे काजू-पिस्ते कायमचे बंद झाले. पुढच्या रविवारी मी तिला घेऊन काकांचं दार वाजवलं. म्हटलं, "काका, आज सईला तुमच्याकडे जेवू घाला."

"मी?" ते दारातच दोन पावलं मागे सरकले. "नको. तू घरी दे काहीतरी."

"घरी आज काही केलेलं नाही," मी चक्क खोटं बोलले.

त्यांनी पातेलं तीनदा घासलं. तांदूळ, तूप, मीठ, प्रत्येक डबा उघडून मला दाखवला. मऊ भात केला, तूप घातलं, कालवला आणि घास हातात घेऊन नुसतेच बसून राहिले. सईला भूक लागली होती. तिने त्यांचं मनगट धरलं आणि घास ओढून तोंडात घातला.

गिळून झाल्यावर कुणी न सांगताच ती ताठ बसली, जीभ बाहेर काढून दाखवली आणि ओरडली, "सई अमोल साळवी! सी विंग, चारशे दोन!"

काका पंच्याने डोळे पुसत होते.

"परत एकदा सांग," ते म्हणाले.

तिने परत सांगितलं.