समोरच्या दुकानातला रशिया

आमचे घरमालक नाना रोज संध्याकाळी चौकात चहा पिऊन येतात आणि दारातच विचारतात, "रशियानं आज काय काढलं?" उत्तर मिळाल्याशिवाय ते चपला काढत नाहीत.

रशिया म्हणजे आबा. मेहरूणच्या आमच्या गल्लीत रस्त्यापलीकडे त्यांचं कूलर बनवायचं दुकान आहे. अलीकडे नानांचं, तेही कूलरचंच. म्हणून नाना अमेरिका. ही वाटणी नानांनी एकट्यानं केलेली आहे. आबांना कुणी विचारलं नव्हतं.

मी सोनगीरजवळच्या खेड्यातला, आमच्या घरातला कॉलेजात जाणारा पहिलाच. नानांच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. महासत्तांच्या स्पर्धेतून तंत्रज्ञान कसं वाढलं, यावर मला निबंध लिहायचा होता. मी मोठ्यानं वाचत होतो, ते ऐकून नाना जिना चढून आले आणि पुस्तक मिटायला लावलं.

"बठ्ठं भांडनमुये शे," ते म्हणाले. सगळी प्रगती भांडणामुळेच होते, हे पटवायला त्यांनी गल्लीचा इतिहास सांगितला.

आबांनी कूलरला चाकं लावली, तेव्हा नाना दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या कूलरला चाकंही होती आणि ब्रेकही. मग आबांनी टाकीतलं पाणी संपलं की पेटणारा लाल दिवा बसवला. नानांनी घंटी बसवली. ती थेट देवळातल्यासारखी वाजायची. शेजारच्या अक्का भर दुपारी झोपेतून उठून दोनदोनदा हात जोडायच्या. नाना यालाही प्रगतीच म्हणतात.

हे निबंधात घालावं की नाही, मला कळेना. शेवटी घातलं. सरांनी त्याखाली नुसती रेघ मारली. चांगली की वाईट, ते विचारायचा धीर अजून झालेला नाही.

यंदा होळी झाली, कूलरचा हंगाम आला, पण आबांचं शटर उघडलं नाही. थंडीत त्यांची बायको गेली होती. दुकान विकून ते मुलाकडे नाशिकला जाणार, असं कळलं. लोक नानांना म्हणाले, आता गल्ली तुमचीच. नाना हसले नाहीत. नवा कूलर करायला घेतलेला त्यांनी अर्धाच ठेवून दिला.

एकदा त्यांनी मला विचारलं, रशिया मोडल्यावर अमेरिकेनं काय केलं. मी अडखळत सांगितलं, की शर्यत त्याआधीच थंडावली होती. चंद्रावर तर पुढे कित्येक वर्षं कुणी उतरलंच नाही.

"जाई कसाले?" नाना म्हणाले. "दखाडाले कोन व्हतं?" दाखवायला समोर कुणी नसेल तर जायचं कशाला, हा त्यांचा सवाल.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एका चांगल्या कूलरच्या पंख्याचं पातं पकडीनं वाकवलं. माझ्यादेखत. मग एका बाजूनं त्यांनी आणि दुसऱ्या बाजूनं मी धरून तो आबांच्या दुकानामागच्या घराच्या दारात नेला.

"हा खडखडतो. मला जमत नाही," नाना भिंतीकडे बघत म्हणाले. "तुला तरी काय जमणार म्हणा."

मला जमत नाही, हे शब्द नानांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.  आबा चष्मा लावून, किल्ली घेऊन दुकानात गेले. हत्यारं आतच होती, त्यामुळे शटर वर करावंच लागलं. त्यांनी पात्यावरून बोट फिरवलं.

"नाना, याच्यावर पकडीचे वण आहेत."

नाना रस्त्याकडे बघायला लागले.  आबांनी पातं सरळ केलं, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मोटारीखाली रबर टाकून देतो. आवाजच येणार नाही. तुझ्या कूलरला नाही ते."

नाना तणतणत परत आले. रशियाची मिजास बघ, असं मला चारदा ऐकवलं, आणि कोपऱ्यातला अर्धा कूलर पुढे ओढला.

संध्याकाळी ते चौकातून आले आणि दारात उभे राहिले.

"रशियानं आज काय काढलं?"

मी खिडकीतून बघून सांगितलं, "नवीन काही नाही, नाना. शटर तेवढं अर्धं वर आहे अजून."

"पुरे शे," नाना म्हणाले, आणि चपला काढल्या.